एकबेरीज दफ्तर ते बीम्स

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

सरकारी तिजोरी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जाड लोखंडी दार, बंदुकीचा पहारा आणि आत नोटांच्या थप्प्या येतात. माझी बत्तीस वर्षांची नोकरी कोषागारांत गेली. लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारायचेच, "काय साहेब, कोट्यवधी रुपये असतील तुमच्या ताब्यात?" मी म्हणायचो, खिशातल्या चहाच्या पैशांखेरीज काही नसते. त्यांना तो माझा विनय वाटायचा. पण खरोखरच आपल्याकडच्या बहुतेक कोषागारांत रोकड नसते. ती शेजारच्या बँकेत असते. कोषागारात असतो तो एक प्रश्न. देयक घेऊन माणूस खिडकीशी आला की पाहायचे असते ते हे, की ज्या कामासाठी हा पैसा मागतो आहे, त्या कामासाठी विधिमंडळाने मंजूर केलेल्या रकमेपैकी आज काही उरले आहे का?

साधा वाटतो ना हा प्रश्न? घरात बाईमाणसे महिन्याच्या वीस तारखेला डब्यात हात घालून त्याचे उत्तर देतात. राज्याला मात्र ते त्या दिवशी, त्या खिडकीवर देता यावे म्हणून अडीचशे वर्षे खटपट करावी लागली. ती हकिगत आज सांगायची आहे.

पुण्याच्या हुजूर दफ्तरापासून सुरुवात करू. पेशव्यांच्या या सचिवालयात दोनशेच्या वर कारकून काम करीत. दफ्तराचे दोन मोठे भाग होते. एक चालते दफ्तर. त्यात फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा. बेहेडा म्हणजे जमाखर्चाचा आगाऊ अंदाज, आजच्या भाषेत अंदाजपत्रक. दुसऱ्या भागाचे नाव होते एकबेरीज दफ्तर. नाव किती बोलके आहे पाहा. सगळ्या खात्यांचे हिशेब इथे यायचे, त्यांची वर्गवारी व्हायची, रोजकीर्दींवरून खतावण्या पडायच्या आणि साऱ्या राज्याची जमा, खर्च, शिल्लक एका तर्जुम्यात उतरायची. पेशवे स्वारीवर निघाले तरी एकबेरीज दफ्तर पुण्याबाहेर हलत नसे. ज्यांना नाना फडणीस म्हटले की फक्त राजकारणातले शहाणपण आठवते, त्यांनी हेही लक्षात ठेवावे की फडणिशी हे मुळात हिशेबाचे पद. नानांनी या दफ्तराला शिस्त लावली. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची आबाळ झाली, असे इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे.

खाली महालाच्या पातळीवर आणखी एक युक्ती होती, आणि मला ती एकबेरजेपेक्षाही मोलाची वाटते. मामलेदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार असे दरकदार असत. हिशेब तपासणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, रोकड सांभाळणारा वेगळा, नाणे पारखणारा वेगळा. आणि यांतल्या कुणालाही काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. पैसे खायचे झाले तर एवढ्या सगळ्यांना सामील करून घ्यावे लागे. तसे होतही असेल. पण ते काम सोपे नव्हते.

१८१८ नंतर इंग्रजांनी मामलेदार ठेवला, पण त्याच्याभोवतीचे हे दरकदारांचे कडे काढून टाकले. त्याच्या जागी आपल्या पद्धतीची कुलपे आणली. जिल्ह्याला कलेक्टरचा खजिना, तालुक्याला मामलेदार कचेरीतला पोटखजिना, आणि खजिन्याच्या दाराला दुहेरी कुलूप. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडायचे नाही. १८५७ च्या उठावाने सरकारची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा विलायतेहून जेम्स विल्सन यांना बोलावले गेले आणि १८६० साली त्यांनी हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प मांडला. त्याच वर्षी एडमंड ड्रमंड हे पहिले ऑडिटर जनरल झाले. १८६७ पासून हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च झाले. 'मार्च एंड' हा शब्द आपण ज्या त्राग्याने उच्चारतो, त्याचे मूळ इतके जुने आहे.

स्वातंत्र्यानंतर घटनेने चौकट पक्की केली. राज्याचा सगळा पैसा एकत्रित निधीत जमा व्हायचा आणि विनियोजनाचा कायदा झाल्याशिवाय त्यातून एक पैसाही काढायचा नाही. अनुच्छेद २६६ आणि २०४ यांत हे लिहिलेले आहे. नियम चोख होता. तो पाळला जातो की नाही हे कळण्याची वाट मात्र फार लांबची होती. ती वाट थोडी तपशिलात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे.

समजा, एखाद्या खात्याला औषधांसाठी एक कोटी रुपये मंजूर झाले. मंत्रालयातून ते संचालकांकडे, संचालकांकडून विभागीय कार्यालयांकडे, तिथून जिल्ह्यांकडे आणि शेवटी आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे वाटले जायचे. हे वाटप व्हायचे टपालाने, अनुदान वितरणाच्या पत्रांनी. अधिकारी देयक तयार करून कोषागारात पाठवायचा. खिडकीवर त्याला पितळी टोकन मिळायचे. आत कारकून तपासणी करायचा, आक्षेप असला तर देयक परत, नसला तर धनादेश. देयकासोबत अधिकाऱ्याचे एक प्रमाणपत्र असे की अनुदान शिल्लक आहे. कोषागाराने आपल्या नोंदवहीत मांडलेली शिल्लक फार तर आपल्या जिल्ह्यापुरती. त्याच खात्याने शेजारच्या जिल्ह्यात किती उचलले, हे ठाऊक असण्याचा मार्गच नव्हता. वितरणाचे पत्र खरे की बनावट, हेही सहीची ओळख असेल तेवढेच कळायचे.

मग महिन्यातून दोनदा या देयकांचे गठ्ठे महालेखाकारांकडे जायचे. आपल्या राज्यात त्यांची दोन कार्यालये, मुंबईला आणि नागपूरला. तिथे प्रत्येक प्रमाणक त्याच्या लेखाशीर्षाखाली मांडले जायचे आणि सगळ्या जिल्ह्यांची बेरीज व्हायची. ही बेरीज खात्याच्या नोंदींशी जुळवायला खात्याचा कारकून वह्या काखोटीला मारून महालेखाकारांच्या कार्यालयात जाऊन बसायचा. याला ताळमेळ म्हणतात. चार-चार दिवस मुक्काम ठोकून ताळमेळ करणारी, जेवणाचा डबा आणि पट्टी बरोबर आणणारी माणसे मी पाहिली आहेत. औषधांसाठी एका कोटीऐवजी सव्वा कोट खर्च झाले हे कळायचे ते इथे, महिन्यांनी. विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे ते यायला वर्षे लागत. तोवर औषधे संपलेली आणि अधिकारी निवृत्त!

(केंद्र सरकारने १९७६ साली आपले हिशेब लेखापरीक्षणापासून वेगळे काढून आपल्या खात्यांकडे घेतले. राज्यांचे हिशेब मात्र आजही महालेखाकारच संकलित करतात. आपला शेजारी गोवा हा अपवाद. तिथे हे काम राज्याच्याच लेखा संचालनालयाकडे आहे.)

आता कुणी विचारील, बँकेला तर कळत असेल? कळत होते. राज्यांच्या खात्यांतली शिल्लक रिझर्व्ह बँक सांभाळते आणि तो हिशेब आपल्याच नागपुरातल्या तिच्या केंद्रीय लेखा विभागात होतो. त्यामुळे किती गेले ते समजायचे. कशासाठी गेले, ते मात्र प्रमाणकांच्या गठ्ठ्यात बांधलेले.

या उशिराची किंमत काय असते, हे देशाला दाखवले चाईबासाने. चाईबासा हे तेव्हा बिहारमधले, आता झारखंडमधले जिल्ह्याचे गाव. १९९६ च्या जानेवारीत राज्याच्या वित्त विभागाने पशुसंवर्धन खात्याच्या जादा उचलीची चौकशी करायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगितले. २७ जानेवारीला चाईबासाचे उपायुक्त अमित खरे यांनी त्या खात्याच्या कार्यालयांवर छापे घातले. मग जे बाहेर आले त्याला आपण चारा घोटाळा म्हणतो. अस्तित्वात नसलेल्या जनावरांसाठी कधीच न आलेला चारा आणि औषधे, त्यांची खरी दिसणारी देयके, बनावट वितरणपत्रे. रक्कम सगळी मिळून साडेनऊशे कोटींच्या घरात सांगितली जाते. जनावरे वाहून नेणाऱ्या म्हणून दाखवलेल्या गाड्यांचे नंबर तपासले, तर त्यांत स्कूटरी निघाल्या. हा तपशील लोकांनी हसून लक्षात ठेवला.

आम्ही कोषागारातल्या लोकांनी मात्र वेगळा तपशील लक्षात ठेवला. हे खाते मंजूर तरतुदीच्या अनेक पटींनी पैसे उचलत होते, तेही वर्षानुवर्षे. म्हणजे 'अजून उरले आहे का' हा प्रश्न कुठल्याच खिडकीवर खऱ्या अर्थाने विचारला गेला नव्हता. सामील असलेल्यांनी तो मुद्दाम विचारला नाही, हे तर झालेच. पण एखाद्याने प्रामाणिकपणे विचारला असता, तरी त्याच्यासमोर उत्तर नव्हते. १९८५ सालीच तेव्हाचे महालेखापरीक्षक टी. एन. चतुर्वेदी यांनी बिहारमधून मासिक हिशेब वेळेवर येत नाहीत, याकडे बोट दाखवले होते. उशिरा येणारा हिशेब हा नुसता गलथानपणा नसतो, ती चोराला दिलेली मुदत असते, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

आपल्याकडे संगणक कोषागारांत आला तो नव्वदीच्या दशकात. पहिल्या खेपेचे कौतुक फार करण्यासारखे नव्हते. वहीत लिहायचे ते पडद्यावर लिहायचे, एवढाच फरक. प्रत्येक कोषागाराचा संगणक म्हणजे एकेक बेट. बीडच्या संगणकाला परभणी माहीत नव्हते. धनादेशांची यादी सुबक छापून यायची, गठ्ठे मात्र तसेच महालेखाकारांकडे जायचे.

खरा बदल झाला तो नव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस. लेखा व कोषागारे संचालनालय आणि वित्त विभाग यांनी अनुदानाचे वाटपच संगणकावर नेले. या प्रणालीचे नाव बीम्स. आधी तिला बीडीएस म्हणत, आणि कार्यालयांत अजून 'बीडीएस निघाली का?' असेच विचारतात. सरकारी नावे बदलतात, कारकुनांच्या तोंडचे शब्द टिकतात.

हिची कल्पना अगदी सरळ आहे. अर्थसंकल्प मंजूर झाला की प्रत्येक लेखाशीर्षाची रक्कम एकाच ठिकाणी भरली जाते. मंत्रालयातला विभाग ती खाली वाटतो, संचालक आणखी खाली, असे करत ती आहरण अधिकाऱ्यापर्यंत पोचते. पत्र नाही, टपाल नाही. अधिकाऱ्याला देयक सादर करायचे झाले की आधी प्रणालीतून प्राधिकारपत्र काढायचे. ते निघताक्षणी तेवढी रक्कम शिलकीतून वजा होते. शिल्लक नसेल तर ते निघतच नाही. कोषागाराने फक्त त्याचा क्रमांक पडताळायचा. बनावट वितरणपत्राचा धंदा इथे एका झटक्यात बसला, कारण बनावट करायला पत्रच उरले नाही. आणि मंत्रालयात बसलेल्या अधिकाऱ्याला गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा खर्च त्याच दिवशी एका बेरजेत दिसू लागला. नानांच्या कारकुनांना सालअखेर जे साधायचे, ते रोज साधू लागले.

पाठोपाठ तिची भावंडे आली. पगारासाठी सेवार्थ, सरकारी भरण्यासाठी ग्रास, निवृत्तिवेतनासाठी निवृत्तिवेतनवाहिनी, खुद्द कोषागारांच्या कामासाठी कोषवाहिनी, आणि या सगळ्यांना जोडणारी अर्थवाहिनी. ग्रासबद्दल एकच सांगतो. मुद्रांक कोषागाराच्या कडीकुलपात असायचे त्या काळात तेलगी प्रकरणाने आपल्याला बनावट मुद्रांकांचा धडा दिला. आज मुद्रांक शुल्काचा मोठा भाग चलनाने थेट खात्यात भरला जातो. छापायला कागदच नसेल, तर बनावट काय छापणार?

निवृत्तांचे म्हणाल, तर मी स्वतः त्यांतलाच एक. पूर्वी पाच तारखेला कोषागाराच्या व्हरांड्यात म्हाताऱ्या माणसांची रांग असायची. आता पैसे खात्यात पडतात. त्या रांगेत होणाऱ्या गाठीभेटी संपल्या, असे माझे काही मित्र हळहळून म्हणतात. मी काही हळहळत नाही. त्या रांगेत उन्हाने घेरी येऊन पडलेली माणसे मी उचलली आहेत.

पण एक बेरीज एका जागी आली की आणखी एक गोष्ट त्याच जागी येते. ती म्हणजे नळाची तोटी. पूर्वी विधिमंडळाने दिलेले पैसे एकदा खाली वाटले गेले की ते परत ओढून घेणे कठीण असायचे. आता वित्त विभाग ठरवतो की आज अमुक टक्केच रक्कम प्रणालीवर दिसेल. महसूल कमी पडला की तोटी आवळायची. कर्ज काढून उधळण्यापेक्षा हे बरेच, हे मी मान्य करतो. पण याचा चटका कुणाला बसतो, तेही पाहायला हवे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने मुलीच्या लग्नासाठी आपल्याच भविष्य निर्वाह निधीतले पैसे मागावेत, मंजुरीचा आदेश हातात असावा आणि उत्तर यावे, 'बीडीएस बंद आहे.' हे वाक्य राज्यातल्या हजारो शिक्षकांनी ऐकले आहे. पूर्वी कारकुनाशी भांडता येत होते. बंद असलेल्या प्रणालीशी कोण भांडणार?

मार्च एंड संपला का? नाही. विभागांना निधी फेब्रुवारी-मार्चमध्ये खुला झाला, तर देयकेही तेव्हाच येणार. ३१ मार्चच्या रात्री कोषागारांतले दिवे पूर्वीही जळत, आताही जळतात. फरक एवढाच की पूर्वी रात्री बारा वाजता घड्याळ मागे करून ठेवण्याचे किस्से होते. आता सर्व्हरच्या घड्याळाला हात लावता येत नाही.

आता किल्लीविषयी. दुहेरी कुलपात दोन किल्ल्या दोन माणसांच्या कमरेला असत. कोषागार अधिकारी रजेवर गेला, तर किल्ली रीतसर नोंद करून सोपवली जाई. नव्या व्यवस्थेतली किल्ली म्हणजे पासवर्ड आणि डिजिटल स्वाक्षरी. कागदावर इथेही तीच दरकदारी आहे. तयार करणारा एक, तपासणारा दुसरा, मंजूर करणारा तिसरा. प्रत्यक्षात काय होते? साहेब दौऱ्यावर, साहेबांना संगणकाचा कंटाळा, म्हणून तिघांचे पासवर्ड एकाच लिपिकाच्या वहीच्या मागच्या पानावर. पितळी किल्ली कुणाला देताना माणूस दहा वेळा विचार करायचा. आठ अक्षरे सांगताना तो एकदाही करत नाही. २०२५ साली नागपूर विभागात शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीला आले. शालार्थ ही शाळांच्या पगाराची प्रणाली. बोगस नेमणुका दाखवून शिक्षकांचे आयडी तयार झाले, पगार निघत राहिले आणि अधिकाऱ्यांपर्यंत अटका झाल्या. प्रणालीने विचारायचे ते विचारले होते. आयडी आहे का? आहे. अनुदान आहे का? आहे. तो माणूस रीतसर नेमलेला शिक्षक आहे का, हे तिने विचारले नाही, कारण ते तिला कुणीतरी माणसानेच सांगायचे असते. चाईबासाची जनावरे आणि हे शिक्षक यांच्यात तीस वर्षांचे अंतर आहे. त्यातली पहिली फट आपण बुजवली, दुसरी उघडीच राहिली.

आणखी एक फट आहे, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. आपला सरकारी हिशेब रोखीचा आहे. पैसे दिले तेव्हा खर्च झाला. रस्ता बांधून झाला, ठेकेदाराने मजुरांना स्वतःच्या खिशातून मजुरी दिली, पण अनुदान नाही म्हणून देयक प्रणालीत चढलेच नाही, तर राज्याच्या बेरजेत तो रस्ता नाही आणि ते देणेही नाही. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांच्या घरातला होता. त्याच २०२५ मध्ये राज्यभरातल्या कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या देयकांसाठी रस्त्यावर उतरल्या. किती थकले याचे संघटनांचे आकडे एक, सरकारचे दुसरे. देयक आल्या दिवशी त्याची नोंद करायची आणि दिल्या दिवशी ती खोडायची, एवढे आपल्या जुन्या पेढ्यांवरचे मुनीमसुद्धा करीत. हे देण्याचे खाते प्रणालीत घालणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. पण ते घातले की दर महिन्याला एक आकडा सर्वांना दिसेल, आणि तो कुठल्याच पक्षाच्या सरकारला दाखवावासा वाटत नाही.